सहा छेद पंधरा

डी.एड.च्या वार्षिक पाठासाठी मला सहावीचा वर्ग आला आणि घटक आला अपूर्णांकाचा पूर्णांकाने गुणाकार. शाळा शाहूपुरीतली. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आमच्या घरात शिक्षिका होऊ घातलेली मी पहिलीच.

वडील मलकापुरात शिलाईचं काम करत. आदल्या रविवारी मी घरी गेले, तेव्हा त्यांनीच कापडाच्या कात्रीनं पांढऱ्या कार्डशीटच्या तीन चकत्या कापून दिल्या. प्रत्येकीचे पाच सारखे भाग आखून मी दोन-दोन भागांवर गुलाबी घोटीव कागद खळीनं चिकटवला. दोन छेद पाच, तीन वेळा. मार्गदर्शक बाईंनी पाठाच्या टाचणवहीत 'साधन उत्तम' असा शेरा मारला होता.

पाठाच्या दिवशी परीक्षक शेवटच्या बाकावर येऊन बसले. पांढरा शर्ट, मांडीवर फाईल. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पस्तीस मिनिटं होती. पहिली पंधरा बरी गेली. चकत्या फळ्यावर टाचल्या, गुलाबी भाग मोजून घेतले आणि विचारलं, "मग तीन गुणिले दोन छेद पाच किती?"

दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "सहा छेद पंधरा."

"नाही. सहा छेद पाच. गुणायचं फक्त अंशाला. छेद तसाच राहतो."

ती बसली नाही. "पर बाई, चित्रात पंधरा तुकडं हायत की. मी मोजलं. त्यातलं सहा गुलाबी हायत."

मागून दोघंतिघं बोलली, "व्हय बाई, पंधराच हायत."

मी फळ्याकडे वळले आणि मोजलं. पंधराच होते. क्षणभर मला स्वतःलाच वाटलं, हिचंच बरोबर आहे. नियम मला पाठ होता, पण तो का खरा, हे मी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. मागे परीक्षकांचं पेन थांबलेलं ऐकू आलं. टाचणात पुढची पायरी लिहिलेली होती: सरावाची उदाहरणं. तिला खाली बसवून पुढं जाता आलं असतं. बऱ्याच जणी तेच करायच्या.

मी खडू उचलला आणि सहा छेद पंधरा फळ्यावर लिहिलं. पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. फक्त त्या आकड्याकडे बघत राहिले आणि सुचलं.

"याला अतिसंक्षिप्त रूप दे बघू."

तिनं ओठ हलवत हिशेब केला. "तीननं भाग जातोय. दोन छेद पाच."

"आणि आपण सुरुवात कितीनं केली होती?"

"दोन छेद पाचनं." ती थबकली. "म्हंजे तीन डाव घेतलं आणि वाढलंच न्हाय?"

कोणीतरी म्हणालं, "वाढाय पायजे की."

"तुकडा एका चकतीचा पाचवा भाग आहे. तिन्ही चकत्या एकत्र केल्या म्हणून तो लहान होतो का?" असं विचारत मी दुसऱ्या चकतीवरचा गुलाबी कागद नखानं उचकटायला लागले. खळ पक्की वाळली होती. एक तुकडा नीट निघाला, दुसरा कार्डशीटचा पापुद्रा घेऊन मधोमध फाटला. फाटका जोडून दोन्ही तुकडे पहिल्या चकतीच्या मोकळ्या जागेत टाचले, मग तिसऱ्या चकतीवरचा एक काढून लावला. पहिली चकती पूर्ण गुलाबी झाली. तिसरीवर एक तुकडा उरला.

"एक आख्खी," ती मुलगी म्हणाली, "आणि वर एक पाचवा. म्हंजे पाचव्याचं सहा!"

घंटा झाली. सरावाचं एकही उदाहरण झालं नव्हतं.

व्हरांड्यात परीक्षकांनी टाचणवही मागितली. "हे यात कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं, सर."

"मग का केलं?"

"ती चुकत नव्हती, सर. माझं चित्रच तिला पंधरा सांगत होतं."

"सराव राहिला. मूल्यमापन राहिलं." त्यांनी वही मिटून परत दिली. "चकत्या एकीशेजारी एक लावण्याआधी हा विचार करायला हवा होता." आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले. रागावले होते की काय, आजही सांगता येत नाही.

निकाल लागेपर्यंतचे आठवडे वाईट गेले. नापास झाले तर घरी काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत बसायचे. पास झाले, पण त्या पाठाला जेमतेम गुण होते. त्यानं एकूण टक्के घसरले आणि माझ्या मैत्रिणींना नेमणुकीची पत्रं आली, तेव्हा मला आलं नाही. त्या मुलीचा मला रागही आला, खोटं का सांगू? तो दोन-तीन महिने टिकला.

माझी नेमणूक पुढं दोन हजारनंतर झाली, कोडोलीजवळच्या शाळेत. रुजू झाले त्या सकाळी मुख्याध्यापकांनी विचारलं, "कुठला वर्ग घेता? पहिली-दुसरी मोकळी हाय, निवांत जाईल."

मी सहावी मागून घेतली.