साठ जुड्या कोथिंबीर आणि दोन स्प्रे

दुपारचे साडेतीन, नाशिकजवळचा सासरचा मळा. ओट्यावर कोथिंबिरीच्या साठ जुड्या आणि माझ्यासमोर स्प्रेच्या दोन बाटल्या... अगदी सारख्या!

पंचवीसेक वर्षं झाली असतील. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. माझं माहेर एकलहऱ्याचं, वडील वीज केंद्रात. आमच्याकडे स्प्रे एकच, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा. इथे मात्र जुड्यांना वेगळा, गुलाबावरच्या मावा किडीच्या औषधाला वेगळा, सासऱ्यांच्या म्हणजे नानांच्या दाढीलाही वेगळा!

सासूबाई गोठ्याकडे जाता जाता म्हणाल्या, "नाना मार्केटला निघतील, तेवढं पानी मार गं जुड्यांवर." कुठल्या बाटलीतलं, हे विचारायचं धाडस झालं नाही. एकीच्या मानेला लाल दोरा होता. लाल म्हणजे धोका, हात लावायचा नाही, हे वडिलांनी लहानपणापासून डोक्यात भरवलेलं. मी दुसरी उचलली आणि जुड्या छान ओल्या केल्या.

नाना टेम्पो घेऊन गेले, आणि मग हाताला वास यायला लागला. कोथिंबिरीचाच असेल... की नसेल? सांगावं तर महिन्याची सून, गप्प बसावं तर संध्याकाळी कुणाच्या तरी आमटीत ती पडणार. माझं डोकंच चालेना.

शेवटी सांगितलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, दोरा चांगल्या पान्याला बांधलाय! देवाच्या फुलांवर आधी तेच मारते मी." आणि रागवायचं सोडून साबणाने माझेच हात खसाखसा धुवायला लागल्या.

ओल्या हातांनीच मी मोपेड काढली. पाटाच्या पुलाजवळ टेम्पो गाठला आणि नानांना कसंबसं सांगितलं. त्यांनी तिथूनच टेम्पो वळवला.

नानांनी बांधाला खड्डा खणून साठच्या साठ जुड्या पुरल्या. "गाईलाबी नाय टाकायची," एवढंच म्हणाले. आता ओरडतील, मग ओरडतील... मी वाट बघत उभी. कुणीच ओरडेना, म्हणून जास्तच गोंधळले.

खड्डा बुजवून झाल्यावर नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बोलली, लय बरं केलं पोरी. माझ्याकडून बी असंच झालं व्हतं एकदा. मी नव्हतो बोललो."

फावडं उचलून ते विहिरीकडे गेले. पुढे काय झालं होतं, कुणाला काही झालं का... मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

नाना आता नाहीत. त्यांच्या त्या बोलण्याचं काय करायचं, मला आजही कळत नाही. पण स्वतःची इतकी मोठी चूक त्यांनी महिन्याभराच्या सुनेला सांगितली, ती तिला धीर यावा म्हणून... याचं ऋण मात्र मनापासून मानते.