मुकाबलेकाका आणि मुद्दाम घातलेली खोट

कापसाचं बोंड सुकलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. दिवाळी ते संक्रांत दुसऱ्यांचा कापूस वेचून माझ्या आईच्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळताना ती तोंडातल्या तोंडात सस्स करायची आणि आम्ही ऐकलं नाही असं दाखवायचो. बाप सॉमिलवर लाकडं उचलायचा. घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. त्या घरातून मी आदिलाबादच्या कॉलेजात गेले, बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत तिथल्याच एका लहानशा संस्थेत नोकरीला लागले. तात्पुरती. घराण्यातली पहिली पदवीधर मी. यात मला आजही मोठेपणा वाटतो आणि तो मी लपवत नाही.

तिथं ज्यांच्या शेजारी मला टेबल मिळालं, ते गृहस्थ कागद उलटा वाचायचे. शेवटचं पान आधी, पहिलं सगळ्यात शेवटी. मी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "काका, हे काऊन असं?"

"सुरुवातीले डोये ताजे असते वं," ते म्हणाले. "चूक हुशार असते. ते शेवटाले जाऊन बसते."

महसूल कचेरीत त्यांनी उभी हयात मुकाबल्यात घालवली होती. मुकाबला म्हणजे अस्सल कागद आणि त्याची नक्कल समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. म्हणून सगळे त्यांना मुकाबलेकाका म्हणत. आमची संस्था जमिनीचे कागद कॉम्प्युटरवर चढवायची. काकांची सही असली की कचेरीतले लोक डोळे मिटून कागद घेत, म्हणून निवृत्तीनंतर मालकानं त्यांना बोलावून आणलं होतं. कॉम्प्युटरला ते 'डबा' म्हणत. डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

माझं काम त्या डब्यातलंच होतं. आदिलाबादच्या यंत्रातल्या सगळ्या फायलींचं, एका क्षणी त्या जशा असतील तसंच्या तसं चित्र धरायचं. त्याला स्नॅपशॉट म्हणत. तो टेलिफोनच्या तारेवरून निर्मल गावातल्या दुसऱ्या यंत्रावर पोचवायचा. पहिल्यांदा सगळं, पुढं फक्त बदललेलं. इथलं यंत्र बिघडलं तर निर्मलची नक्कल कामाला यावी, हा हेतू. प्रोग्रॅममध्ये कुणी काही दुरुस्ती केली की जुनं काही मोडलं तर नाही, हे पाहायला मी चाळीस चाचण्या लिहिल्या होत्या. दुरुस्ती केवढीही असो, चाळीसच्या चाळीस पुन्हा चालवायच्या.

"एकदा झालेली तपासणी पुन्हा पुन्हा काऊन?" असं मला ऑफिसातल्या प्रत्येकानं विचारलं होतं. काकांनी नाही विचारलं. त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. चाळीस वर्षांत त्यांच्या नजरेतून निसटलेल्या चुका तिच्यात उतरवलेल्या होत्या. दुसऱ्यांच्या एकही नाही, फक्त स्वतःच्या. नवी नक्कल आली की आधी त्या वहीतल्या चुका तिच्यात शोधायच्या आणि मग मुकाबला सुरू करायचा.

"सुटलेल्या चुकीनं रस्ता पाह्यला असते," ते म्हणाले. "मंग ते त्याच रस्त्यानं येते. तू बराबर करून राह्यली."

तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

मग हैदराबादहून अधिकारी येणार असं ठरलं. सोमवारी त्यांना सगळं दाखवायचं होतं. मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "अम्मा, सब पास हुआ तो तुम पर्मनंट." शुक्रवारी माझ्या चाळीसही चाचण्या पास झाल्या. लांबलचक कागदावर 'पास'ची ओळच्या ओळ छापून मी काकांच्या पुढं ठेवली. अधिकाऱ्यांपुढं जाणाऱ्या कागदावर लागायची ती त्यांची सही तेवढी राहिली होती.

काकांनी कागद उलटा धरला. "चाळीसावी काय पाह्यते, वाच. आपल्या भाषेत वाच."

मी एकेक सांगत गेले. फायलींची नावं जुळतात का, संख्या जुळते का, आकार जुळतो का. दीड तास ते ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "खोट कुठी घातली?"

"कसली खोट?"

तेव्हा त्यांनी त्यांची रीत सांगितली. मुकाबल्याला एक जण अस्सल वाचतो, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐकतो. ऐकणारा जागा आहे की नुसती मान डोलावतो, हे कळायला काका नकलेत एक अक्षर पेन्सिलीनं मुद्दाम चुकवून ठेवायचे. ऐकणाऱ्यानं ते पकडलं तर खोडून पुढं जायचं. नाही पकडलं तर त्या दिवसाचा सगळा मुकाबला रद्द करून पहिल्यापासून करायचा.

"तुह्या चाळीस बाया 'हो, हो' म्हणून राह्यल्या," ते म्हणाले. "जाग्या आहेत का झोपल्या, कोनाले ठाव?"

माझं डोकं तापलं. "काका, तुम्हाले पेन्शन आहे. माह्यी माय आज बी दुसऱ्याच्या कापसात आहे. सोमवारी माह्यं होऊ द्या, मंग घाला किती खोटी घालाच्या त्या."

ते रागावले नाहीत. पेन टोपणात घातला आणि कागद माझ्याकडं सरकवला. सही न केलेला.

मी जागेवर जाऊन बसले. घरी जाऊन आईला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. पण खरं सांगते, मला भीती सहीची नव्हती. खोट घातली तर काय होईल, हे मला आतून ठाऊक होतं. शेवटी मीच निर्मलच्या यंत्रावरच्या एका फायलीत एक अक्षर बदललं आणि चाचण्या चालवल्या.

चाळीस पास.

मी चाचण्या पुन्हा लिहायला घेतल्या. नाव आणि आकार सोडून आतलं अक्षर ताडायला लावलं. शनिवार, रविवार दोन्ही दिवस काका शेजारी बसून होते. चाचणी तयार झाली की विचारत, "खोट?" मी खोट घालायची, चाचणी ओरडली की ते म्हणत, "जागी आहे. पुढची." रविवारी दुपारी मी कुठलीच खोट घातली नव्हती, तरी एक चाचणी ओरडली. एखादी फाइल इथं पुसून त्याच नावाची, तेवढ्याच आकाराची नवी केली, तर प्रोग्रॅम तिला 'बदललेली नाही' समजायचा आणि निर्मलला जुनीच राहायची. ही आमची खरी चूक. ती आधीपासून तिथंच होती.

सोमवारचं दाखवणं पुढं ढकललं. मॅनेजर तासभर ओरडला. काका उभे राहून म्हणाले, "साब, मुकाबला मेरा अधूरा था. बच्ची का काम पूरा है." माझ्यासाठी ते खोटं बोललेले मी एवढं एकदाच ऐकलं. मला पर्मनंट केलं नाही. त्या महिन्यातही नाही, पुढच्याही नाही. वर्षभरानं संस्थाच गुंडाळली.

निरोपाच्या दिवशी मी काकांकडं ती वही मागितली.

"माह्या चुका घेऊन काय करतं?" ते हसले. "आपल्या आपन कर. लाजू नको, लय होतीन."

ती शेवटची भेट. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा मी हैदराबादेत नोकरीसाठी मुलाखती देत फिरत होते. एका कंपनीत साहेबानं विचारलं, "दुसऱ्यानं लिहिलेल्या चाचण्या तुम्ही कशा तपासाल?" माझी इंग्रजी तोडकी होती. मी म्हटलं, आधी नकलेत एक अक्षर चुकवीन आणि बघेन कोण ओरडतं ते. साहेबानं पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

मला ती नोकरी मिळाली, पर्मनंट. माझ्या चुकांची आता तिसरी वही चालू आहे. आणि त्या वर्षीच्या दसऱ्यापासून माझी आई दुसऱ्याच्या कापसात गेली नाही.