हातखंब्याच्या दुकानाचा चार्ज

माझे बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि धड महिनाभरही घरी बसले नाहीत. हातखंब्याला हायवेवर गाळा घेतला आणि एका चहाच्या कंपनीची फ्रँचायझी घेतली. निवृत्तीचा सगळा पैसा त्यात गेला. आई म्हणाली, "अहो, चहा विकायला कंपनी कशाला? मी करून देते की." बाबांना ते पटलं नाही. कंपनीचं ट्रेनिंग होतं, युनिफॉर्म होता, वर साहेब होता. मागे कोणीतरी आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटायचं.

कंपनीचा केशरी टी-शर्ट ते इस्त्री करून घालायचे. टी-शर्टच्या बाहीला कडक घडी मी जगात दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. गिऱ्हाईक आत आलं की शिकवलेलं स्वागताचं वाक्य पूर्ण म्हणायचे, मग ते गिऱ्हाईक आमचा शेजारी का असेना. उन्हाळ्यात गावातली माणसं विचारायची, "सुभेदारांनू, कोकम सरबत नाय काय?" घरी आईच्या बरण्या भरलेल्या. पण कंपनीच्या मेनूत कोकम नव्हतं, म्हणून दुकानात नव्हतं. त्याच कंपनीचे बाकीचे दुकानदार बिनधास्त वडे तळून विकतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वडे तळत होते.

मग हायवे रुंद झाला, वर पूल बांधला आणि गाड्या त्यावरून सुसाट जायला लागल्या. खाली आमच्या दुकानासमोर पुलाची सावली तेवढी उरली. बाबा रोज कंपनीच्या साहेबाला फोन करायचे. माझ्याहून लहान असेल तो, पण बाबा त्याच्याशी फोनवर बोलतानाही उभे राहायचे. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं, तरी यांचा विश्वास हलला नाही. "खबर वर गेलीय, बाय. पोस्ट अशी वाऱ्यावर सोडत नाय कोण," म्हणायचे. बाबा, ही पलटण नाही, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. सांगितलं नाही, कारण धरून राहायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

शेवटी मोबाइलवर मेसेज आला. करार संपला, सोमवारी माणसं बोर्ड न्यायला येतील.

मला वाटलं, आता हे खचणार. तर ते कामाला लागले. "चार्ज द्यायचाय," म्हणाले. फौजेत माणूस जागेवरून हलतो तो नव्या माणसाला सगळं दाखवून, मोजून, हातात देऊन. तोवर तो सुटत नाही. निवृत्तीच्या वेळी त्यांनी असाच चार्ज दिला होता. घेणाऱ्याने तंबूच्या खुंट्यासुद्धा मोजून घेतल्या आणि मग कडक सलाम ठोकला, हे आम्ही जेवताना कितीदा तरी ऐकलंय. दुकान बुडालं तर बुडालं, शेवट तसा व्हावा, एवढंच त्यांना हवं होतं.

सोमवारी मी जयगडच्या बंदरातल्या नोकरीवरून रजा काढून गेले. बाबांनी टेबलांवर सगळं ओळीत मांडलं होतं. शेगड्या, किटल्या, चमचे, उरलेली चहाची पाकिटं, धुऊन घडी घातलेले टी-शर्ट. एक अंगात होता. दाढी गुळगुळीत. आईने आणलेला डबा त्यांनी उघडलाही नाही.

दुपारी टेम्पो आला. दोघे उतरले, शिडी लावली आणि बोर्डाचे स्क्रू काढायला लागले. बाबा बाहेर गेले.

"चार्ज कोण घेणार?"

"कसला चार्ज, काका? आम्हाला फक्त बोर्ड न्यायला सांगितलाय."

"आत सामान लावून ठेवलंय. एकदा बघून घ्या."

त्यातल्या एकाने कोणाला तरी फोन लावला. ऐकलं ते सांगताना तो बिचारा शिडीकडेच बघत होता. "सामान नको म्हणतात. ठेवा, नायतर टाकून द्या."

बाबांनी चावी पुढे केली. त्याने घेतली नाही. काय म्हणून घेणार तो? बोर्ड टेम्पोत आडवा टाकून दोघे निघून गेले, आणि बाबांचा हात तसाच पुढे.

मला ते बघवेना. मी त्यांच्यासमोर सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मी घेते चार्ज. दाखवा एकेक."

"नाय बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तू कंपनीची नाहीस."

आई तोंडाला पदर लावून आत जाऊन उभी राहिली. मी त्या कंपनीला येतात तेवढ्या शिव्या मनातल्या मनात दिल्या. अजून देते.

बाबा आजही सकाळी दाढी करून हातखंब्याला जातात. शटर वर करतात, टेबलं पुसतात, चमचे मोजतात आणि दुपारी परत येतात. गाळा विकून टाकू म्हटलं की म्हणतात, "विकू की. एकदा चार्ज दिला, की विकू."