भिमाजीची जोड

मावळातल्या औंढ्याचा भिमाजी पैलवान होता, पण पाच वर्षांत त्याच्याशी कुणी कुस्ती धरली नव्हती. कुणी त्याला घाबरत होतं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि पाठभर चंदेरी पापुद्रे धरले होते. खाजवलं की झडायचे, आठवड्यात पुन्हा तितकेच यायचे.

जत्रेच्या आखाड्यातली रीत अशी, की पैलवानानं हात वर करून फेरी मारायची. ज्याला लढायचं असेल त्यानं पुढं होऊन तो हात धरायचा. भिमाजी दर चैत्रात फेरी मारायचा आणि तो जवळ आला की नेमकी प्रत्येकाला विडी पेटवायची आठवण व्हायची. शेवटी पंच घसा खाकरून म्हणत, "जोड न्हाई." भिमाजी मान खाली घालून घरी जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा लंगोट कसून हजर! अशा माणसाला निलाजरा म्हणावं की शूर, हे गावानं अजून ठरवलं नव्हतं.

एकोणीसशे चौसष्टच्या उन्हाळ्यात मात्र नशीब फिरल्यासारखं वाटलं. लोणावळ्यातल्या एका आरोग्यधामात मुंबईचे शेठ वजन उतरवायला येत. तिथल्या बंबाला भिमाजी लाकूड पुरवायचा. एका सकाळी त्यानं दारातून आत डोकावलं, तर एक शेठ लाकडी पेटीत बंद! फक्त मुंडकं बाहेर, डोक्यावर ओला रुमाल, आणि पेटीच्या फटींतून वाफ.

"नथूभाऊ, ह्या मानसानं काय गुन्हा केलाय?"

नथूभाऊ तिथं वाफ द्यायचे आणि मालीश करायचे. पंचावन्नचे होते, अंगानं अजून खणखणीत. ते हसले. "घाम काढत्यात. अंग हलकं व्हतं, कातडी मऊ पडती."

कातडी मऊ पडते! भिमाजीनं मोळी तिथंच टाकली आणि तिथल्या डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टरांनी त्याची पाठ निरखून पाहिली आणि सांगितलं, हा सोरायसिस, मुळासकट जात नाही, पण एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. वाफ सोसते का ते बघू. चार दिवसांतून एकदा, मंद, दहा मिनिटं. मग गार पाणी आणि ओल्या अंगावरच तेल. घासायचं मात्र अजिबात नाही. 'मुळासकट जात नाही' हे भिमाजीनं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

पहिल्या वाफेनंतर तो बाहेर आला तो नाचतच. पाच वर्षांत पहिल्यांदा पाठ खाजत नव्हती! नथूभाऊंनी खोबरेल चोळलं, तेव्हा तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको सोडली तर त्याच्या पाठीला कुणाचा हातच लागला नव्हता. तीन आठवड्यांत पापुद्रे पातळ झाले. घरी रतनबाईला तो उठता-बसता कोपर दाखवायचा. "बघ की!" "बघितलं," ती म्हणायची, "सकाळधरनं चार डाव बघितलं."

जत्रा दोन दिवसांवर आली आणि पाठीवरचे डाग काही हटेनात. मग भिमाजीनं शेतकऱ्याचं डोकं चालवलं. मावळात भाताचं रोप टाकायची जमीन आधी पाला आणि शेण पसरून भाजतात. हा राब कच्चा राहिला तर तण माजतं, चांगला भाजला तर रोप तरारून येतं. अंगाचंही तसंच असणार! नथूभाऊ कचेरीत गेलेले बघून त्यानं टाचा घासायच्या वजरीनं पाठ खरवडली, बंबात ओझंभर लाकूड कोंबलं आणि पेटीत जाऊन बसला. चांगला अर्धा तास बसला.

नथूभाऊंनी त्याला बाहेर ओढलं तेव्हा तो घेरी येऊन लटपटत होता. अंग मिरचीसारखं लाल, आणि जागोजाग रक्ताचे ठिपके.

"गाढवा! ही काय खाचराची माती हाय व्हय, भाजून काढायला?" नथूभाऊ ओरडले. मग त्यांनी हळूहळू त्याच्या अंगावर गार पाणी ओतलं.

जत्रेच्या दिवशी नथूभाऊ औंढ्यात आले तर भिमाजी ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसलेला. अंगाचा रंग उतरला नव्हता.

"भाऊ, औंदा मी न्हाई येत. पयल्यापरीस वंगाळ झालंय."

नथूभाऊंनी दोन्ही तळवे त्याच्या नाकासमोर धरले. "ह्या हातांनी तुला तेल चोळलंय. तीन आठवडं. बघ नीट. काय झालंय ह्यांना?"

भिमाजीनं ते हात उलटसुलट करून पाहिले. तेलानं काळपट झालेले, गुळगुळीत, धडधाकट. मग तो उठला आणि खुंटीवरचा लंगोट काढला.

आखाड्यात हलग्या कडकडत होत्या. भिमाजी उतरला तशी कडेची माणसं आणखी दोन पावलं मागं सरली. त्यानं हात वर करून फेरी मारली. लाल झालेली पाठ सगळ्या मावळानं पाहिली. पंचांनी घसा खाकरला.

"थांबा!" नथूभाऊंनी सदरा काढून फेकला, धोतराचा काचा मारला आणि थेट मातीत उतरून भिमाजीचा हात धरला. लोक हसले, शिट्ट्या आल्या. म्हाताऱ्यानं मात्र क्षणात पट काढला! भिमाजी उसळला, मानेवर हात घातला. दोघं मातीत लोळले, उठले, पुन्हा भिडले. लाल कातडीला माती मिरचीसारखी झोंबत होती आणि भिमाजीला त्याचं काहीच वाटत नव्हतं. कुणाचा तरी खांदा त्याच्या खांद्याला लागला होता! हसणारे आता ओरडायला लागले, "धर! धर! सुटला!" आणि नथूभाऊंनी असा काही ढाक डाव मारला, की पैलवान भिमाजी पंचावन्न वर्षांच्या म्हाताऱ्याखाली चारी मुंड्या चीत!

हरलेल्यानं निमूट बाहेर पडायचं असतं. भिमाजी पडल्या जागी हसत होता, गालांवर माती आणि डोळ्यांतून धारा. पंचांनी दोनदा जायला सांगितलं. तो उठला, मांडीवर थाप मारली आणि पुन्हा हात वर केला.

"अजून कोन हाय?"

कार्ल्याचा तरणा गेणू विडी फेकून पुढं झाला.