ब्रेकवरचा हार

त्या हंगामात माझे गुडघे गेले ते गेलेच. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं मी वर्ध्याच्या एका जिन-प्रेसमध्ये वायरमन होतो. दाबलेल्या कापसाची गाठ वरच्या माळ्यावर चढवायला एक मोटर छताशी टांगलेली होती आणि तिच्या ओव्हरलोडची पेटीही कोण्या शहाण्यानं तिथंच, छताशी बसवलेली. पेटी ‘पडली’, म्हणजे तिनं वीज तोडली, की शिडी चढायची, बटण दाबायचं, उतरायचं. खाली येऊन बिडी पेटवावी तर पुन्हा पडली! अरे, मी माणूस आहे की माकड?

त्या मोटरला ब्रेक होता. वीज आली की तो सुटायचा, वीज गेली की स्प्रिंगच्या जोरानं घट्ट धरायचा. गाठ अधांतरी राहायची ती त्याच्याच भरवशावर. मोटरला झेपेल तेवढ्या करंटवर पेटीतला काटा लावायचा असतो. त्याहून जास्त खेचलं गेलं की पेटी वीज तोडते. काटा मी बरोबर लावला होता, तरी ती रोज पडायची. आधी वाटलं गाठी जड आहेत, मग वाटलं वीजच कमी येते. तिकडे कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार फाटकाबाहेर गेलेली.

खाली गाठीला आकडा लावायला एक हमाल असे. माणूस भला, पण तोंड बंद म्हणून नाही.

“मिस्त्री, काटा वाढवून टाका ना! कितीदा चढून राह्यले? तुमचे पाय वाचतीन, आमचाबी खोळंबा होनार नाई.”

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. जीव मेटाकुटीला आला होता. एका दुपारी पेटी पडली तेव्हा मी पेचकस घेऊनच वर गेलो. स्क्रू थोडा फिरवला की सुटलो. पेचकस लावला आणि सहज खाली नजर गेली. वीज तुटलेली होती, ब्रेक लागलेला होता, तरी गाठ हळूच खाली सरकत होती. वीतभर सरकली, थांबली, पुन्हा बोटभर सरकली. तिच्या बरोबर खाली तो हमाल तंबाखू मळत उभा.

“हट तिथून!”

“काऊन जी?”

“हट म्हणतो न!”

तो बाजूला झाला. गाठ जपून उतरवून घेतली आणि ब्रेक उघडला. पट्ट्यांमध्ये झेंडूच्या हाराचा दोरा गुंडाळलेला निघाला. फुलं केव्हाच गळली होती. दोऱ्यावर ग्रीस आणि रुई बसून त्याची काळी वात झाली होती, आणि तिच्यापायी ब्रेक धड सुटत नव्हता की धड धरत नव्हता. मोटर अडकलेल्या ब्रेकशी झगडत होती. पेटी बिचारी रोज तेच सांगत होती.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. बांधलेला हार हातानं काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, अशी तिथली रीत. हा हार त्या हमालाच्या बायकोनं बांधला होता. नवऱ्याच्या डोक्यावर टांगलेलं यंत्र ते, म्हणून माझीच शिडी चढून तिनं तो बांधला होता.

ती तिथंच कापूस निवडायला असे. संध्याकाळी तणतणत आली.

“माह्या हातचा हार होता. काऊन तोडला तुमी?”

भांडायचं त्राण नव्हतं. ती काळी वात तिच्या हातात ठेवली आणि गाठ कशी सरकली ते सांगितलं. तिनं वर मोटरकडे पाहिलं.

“मंग पुढच्या दसऱ्याले कुठी बांधू?”

मी वैतागून म्हटलं, “नवऱ्याच्याच गळ्यात घालजो, बाई.”

“आमच्यात मानसाच्या गळ्यात हार लगनात घालतेत. नाई त...” ती वात पदराला बांधून ती निघून गेली.

पुढच्या दसऱ्याला मुहूर्ताची गाठ चढवायची होती. तिचा नवरा आला तो गळ्यात झेंडूचा हार घालून, मान खाली. बाकीचे हमाल खिदळले, “नवरदेव आला रे!” बायको दाराशी, पदर तोंडाला लावून.

त्याला दूर उभं केलं. कुरकुरत्या गुडघ्यांनी शिडी चढलो आणि गाठ अर्ध्यावर येताच मुद्दाम वीज तोडली.

“धरला का, मिस्त्रीभाऊ?” तिनं खालून विचारलं.

मी गाठीकडे पाहत राहिलो. ती तसूभरही हलली नाही.

“धरला,” मी म्हटलं.