बाबांना घराबाहेर काढताना

इकडे दक्षिण गोलार्धात सप्टेंबर म्हणजे वसंत. कुरणात कोकरं बागडायची वेळ, आणि आठवडाभर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. त्यात डोंगरावरचं बर्फ वितळत होतं. पापाकुरा या शहरी उपनगरातलं भाडं परवडेना म्हणून मी दक्षिणेकडच्या या गावात घर घेतलं होतं, नदीकाठी. इथल्या जुन्या माणसांनीही नदी एवढी चढलेली पाहिली नव्हती. त्या सकाळी फोनवर इशारा आला: काठावरची घरं ताबडतोब रिकामी करा.

सांगलीहून माझ्याकडे राहायला आलेले आई-बाबा तेव्हा चहा पीत होते.

“बाबा, निघायचंय. बूट घाला.”

“हा कसला पूर,” बाबा म्हणाले. “आमची कृष्णा पाहिलीयस ना तू? दुपारपर्यंत उतरेल हे.”

मी विनवलं, मग चिडले. तोवर आई मिक्सर चादरीत गुंडाळायला लागली. पासपोर्ट कुठे ठेवलेत हे मात्र दोघांनाही आठवेना. बाबा जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून कुंपणापाशी गेले आणि पाणी किती चढतंय ते कळावं म्हणून मातीत काठी रोवून आले. मी गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले.

शेवटी समोरच्या शेतावरची म्हातारी ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी आली. “किया ओरा,” तिने इथल्या रीतीने नमस्कार केला. “रस्ता बंद होतोय, निघा,” पुढे एवढंच ती इंग्रजीत म्हणाली.

“येस मॅडम,” म्हणत बाबा गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

पूरग्रस्तांची सोय केलेल्या शाळेच्या हॉलमध्ये सूप पिता पिता ते शेजारच्या माणसाला आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत होते, की लवकर निघायला हवं हे मी मुलीला आधीच म्हटलं होतं. माझ्यात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर परतलो तर घरभर गाळ, सोफा उलटा पडलेला, कार्पेट चिखलाने जड झालेलं. ते ओढून काढता काढता माझा संयम सुटला.

“मी सांगत होते तेव्हा का नाही ऐकलंत? ती म्हातारी तुमची कोण लागते?”

बाबांनी भिंतीवरच्या ओलीवर हात फिरवला.

“सांगलीत एकदा असंच घर सोडून गेलो होतो. परत आलो तर स्वयंपाकघरात कुणाची तरी म्हैस मरून पडलेली. दारातून बाहेर काढता येईना. घर सोडायचं म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते.”

“हे आधी सांगायचं ना.”

“तू विचारलंस कुठे?” ते म्हणाले, आणि कार्पेटचं दुसरं टोक धरून भलत्याच दिशेला ओढू लागले.