उलटलेल्या आकड्यांचं गाव

"कागद बघितलास का?" असं विचारताना त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि हातातला चहा बाजूला ठेवायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या एका प्रश्नाने आपण झालेलं काम पुन्हा उघडून बघतो. आमच्याकडे त्या होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे.

आम्ही दोघी अजमानला आपापल्या घरी राहायचो, कंपनीच्या बसने दुबईला जायचो. काम म्हणजे जुन्या कागदांचे स्कॅन बघून टाइप करणं. मी नवीन असताना एका अमेरिकन विद्यापीठाचं काम आलं. तिथल्या एका काउंटीतली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आडबाजूच्या तालुक्यातली, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकांची मतं. गावागणिक, कित्येक वर्षांची. मी टाइप करायचं, ताईंनी तपासायचं.

त्यातलं एक गाव पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाचं. मग फरक थोडा थोडा कमी होत गेला आणि एका वर्षी सगळंच उलटलं. मला वाटलं, लिहिणाऱ्याने रकान्यांची अदलाबदल केली. मी ते 'सरळ' करून टाकलं. कुणाला विचारलं नाही.

महिन्याभराने तिकडून तक्रार आली: मूळ कागद बरोबर होता, आकडे आम्ही फिरवले होते. मॅनेजरने दोघींना आत बोलावलं. माझं प्रोबेशन संपलं नव्हतं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार.

ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, चेकिंग मेरा था. मैंने स्कॅन खोले बिना ओके किया. अकेली इसकी गलती नहीं है."

दोघींना लेखी ताकीद मिळाली. माझी नोकरी राहिली. इतक्या वर्षांत ताईंना मिळालेली ती पहिलीच ताकीद, हे मला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं.

परतताना बसमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, उलटलं ते तुला खरं वाटलं नाही. पण का उलटलं, ते बघूया की."

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्या गावाची जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर वाचली. लाकडाची गिरणी बंद पडली होती. मग शाळा शेजारच्या गावात गेली.

आमचं बोलणं ऐकून शेजारच्या टेबलावरचा एकजण हसला. "क्या पागल लोग हैं, पार्टी ही बदल दी."

ताईंनी डबा झाकला. मला म्हणाल्या, "माझे सासरे तीस वर्षं एकाच चिन्हावर शिक्का मारायचे. सूतगिरणी बंद पडली, दारात विचारायला कुणी आलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी दुसरीकडे मारला. घरात पंधरा दिवस कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही." मग डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाल्या, "मीसुद्धा."

त्यांच्या यजमानांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं कोल्हापूरकडे परत गेले. आज दुसऱ्यांचं काम मी तपासते. एखादा आकडा विचित्र दिसला की रागवायच्या आधी कागद मागते. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही.

अमेरिकेतल्या मागच्या निवडणुकीनंतर नवे आकडे आले, तेव्हा मी त्यांना फोन केला. "ताई, आपल्या गावाचा निकाल आलाय."

"कोण जिंकलं ते राहू दे. एकूण मतं किती पडली?"

मी सांगितलं. त्यांना आधीचा आकडा पाठ होता.

"बरीच कमी झाली गं," त्या म्हणाल्या. "पोरं बाहेर गेली असतील कामाला. आपल्यासारखीच."